अकराव्या मजल्यावरचा कडा

माझ्या बायकोचं फुप्फुस एकसष्ट टक्के चालतं. तिच्या वयाच्या आणि उंचीच्या निरोगी बाईला एका दमात जेवढी हवा बाहेर टाकता यायला हवी, त्याच्या एकसष्ट टक्के तिला टाकता येते. हा आकडा वेगवेगळ्या दिवशी, दोन वेगवेगळ्या यंत्रांवर काढलेला आहे. एकाच मापावर मी विश्वास ठेवत नाही. बंगलोरजवळ होसकोट्याच्या औद्योगिक वसाहतीत सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी तपासणी विभाग सांभाळतो. भाग मापात बसला नाही की तो लाल पेटीत जातो, आणि तो तिथे का गेला हे मला लिहून द्यावं लागतं. बायकोच्या फुप्फुसाबद्दल असं लिहून द्यायला मला कोणी सांगितलेलं नाही. तरी लिहितो.

आम्ही दोघं निपाणीकडचे. बंगलोरच्या एचएसआर लेआउटमधल्या एका अपार्टमेंटमध्ये, अकराव्या म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर, आम्ही नऊ वर्षं राहिलो. वरचा मजला मी मुद्दाम निवडला होता. धूळ कमी, डास कमी, गाड्यांचा आवाज कमी. बायको लग्नाआधीपासून प्राथमिक शाळेत शिकवायची. इथे आल्यावर नोकरी सुटली, शिकवणं सुटलं नाही. आमच्या इमारतीत मराठी घरं चौदा. बहुतेक लोक पुण्या-मुंबई-नागपूरहून आलेले, आयटीतले. त्यांची मुलं शाळेत इंग्रजी, खाली मैदानात हिंदी आणि आजीचा फोन आला तरच मराठी बोलायची. त्या मुलांना बायको रविवारी सकाळी मराठी शिकवू लागली. गच्चीवर पाण्याच्या टाक्यांशेजारी पत्र्याची एक मोकळी खोली होती, तिथे वर्ग भरायचा. तिची पद्धत जुनी होती. ती एक वाक्य वाचायची आणि मुलं तिच्यामागून म्हणायची. भाषा आधी कानाने घ्यायची, डोळ्यांनी मागाहून, असं तिचं म्हणणं.

आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक अण्णा राहत. बंगलोरमधली त्यांची ही तिसरी पिढी. त्यांची मराठी घरातलीच, पण तिच्यात कन्नड इतकं मुरलेलं की पुण्याहून आलेल्या पोरांना त्यांचं निम्मं बोलणं कळायचं नाही. मला ते अरे-तुरे करायचे, माझ्या बायकोला अक्का म्हणायचे. त्यांची पत्नी गेली, आणि त्यानंतरच्या पितृपक्षात त्यांनी गच्चीच्या कठड्यावर पान वाढून ठेवलं. आम्ही दोघं सोबतीला होतो. सातव्या मजल्यावरचा पुण्याचा एक तरुणही होता; संध्याकाळी तो अण्णांशी बुद्धिबळ खेळायचा.

कावळा येईना. अण्णा हात जोडून उभे, ऊन वाढत चाललेलं.

"अक्का, वडे केले, खीर केली. तिला आवडायचं ते सगळं केलं. अजून काय राहिलं असंल?"

"काही राहिलं नाही, अण्णा," बायको म्हणाली. "इथे कावळेच कुठे आहेत? एवढ्या उंचावर घारी फिरतात. त्यांच्यामुळे येत नसतील."

"चाळीस वर्षं संसार केला. रागावली असंल तर मला कळाय नको?"

तेवढ्यात टाकीवरून एक कबूतर उतरलं, कठड्यावर दोन पावलं चाललं आणि पानातला भात टिपू लागलं.

"अण्णा, आला बघा पक्षी!" पुण्याचा तरुण ओरडला.

"अरे, हा पारवा हाय."

"अपडेटेड व्हर्जन समजा. बंगलोरचा कावळा!"

अण्णा हसले आणि हसता हसता रडले. "सरी, चालंल," ते म्हणाले. "आली म्हणायची."

त्या क्षणी मलाही बरंच वाटलं. म्हातारा सुटला एकदाचा, असं वाटलं. आमच्याकडे एखादी गोष्ट मिळाली नाही की तिच्या जागी दुसरी मांडायची सवलत असते. वस्त्र नसलं तर अक्षता चालतात, सुपारीचा गणपती होतो. तसा हा कावळ्याचा पारवा झाला. फरक एवढाच की कावळा घास घेऊन जातो आणि कबूतर घास घेऊन राहतं. हा फरक त्या दिवशी कोणालाच सुचला नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी मूठभर ज्वारी टाकली. पितृपक्ष संपला तरी ती चालू राहिली. पुढे इतरांनाही त्यात काहीतरी सापडलं. कोणाचे वडील नागपुरात वारले होते आणि तिकडे जाऊन काही करणं जमलं नव्हतं. त्याने एक पोतं आणून ठेवलं. कोणी मुलाच्या वाढदिवसाला दाणे टाकू लागलं, कोणी शनिवारी. वर्षभरात चौदापैकी नऊ घरं गच्चीवर दाणे टाकत होती. एरवी ही माणसं एकमेकांना दिवाळीखेरीज भेटत नसत. आता सकाळी कठड्याशी उभी राहून गप्पा मारत. माझी बायको म्हणायची, "चला, या निमित्ताने तरी वर येतात."

कबूतर मुळात कड्याकपारीतला पक्षी. बदामीला गेलो असताना मी तिथल्या लाल कड्यांवर पारवे पाहिले होते. कोणीतरी टाळी वाजवली आणि अख्खा कडा उडाल्यासारखा वाटला. इथे आम्हीच त्यांना अकरा मजल्यांचा कडा बांधून दिला होता. प्रत्येक फ्लॅटच्या मागे एसीचं बाहेरचं यंत्र ठेवायला सिमेंटची फळी, नळांसाठी वरपासून खालपर्यंत उघडं, भुयारासारखं डक्ट, खिडक्यांवर छज्जे. वारा लागत नाही, पाऊस लागत नाही, मांजर पोचत नाही. बंगलोरची हवा अशी की बारा महिन्यांत घरटं करायला अडचणीचा महिना नाही. शिवाय कबुतराच्या पिल्लाला किडे लागत नाहीत. आईबाप गळ्यातल्या पिशवीत तयार होणारा दुधासारखा लगदा त्याला भरवतात, आणि तो दाण्यांवरही तयार होतो. चिमणीच्या पिल्लाला किडे लागतात. किडे आम्ही औषध फवारून मारले होते. चिमण्या गेल्या, कबुतरं वाढली, यात गूढ काही नाही. जसा साचा, तसा भाग निघतो.

आणि पक्षीही बदलत गेला. पहिल्या वर्षी टाळी वाजवली तर कबुतरं उडायची. नंतर नुसती मान वळवायची. शेवटी झाडू आपटला तरी चार पावलं बाजूला सरकून उभी राहायची. जी भित्री होती त्यांच्या वाट्याला दाणे कमी आले, जी उडाली नाहीत ती खाऊन माजली आणि त्यांची पिल्लंही त्यांच्याचसारखी निर्ढावलेली निघाली. हे माझं निरीक्षण आहे, शास्त्र म्हणून सांगत नाही. पिल्लं आईबापांचं बघून शिकली की रक्तातच ते आलं, हे मला ठरवता येणार नाही. परिणाम मात्र एकच होता.

मी चिकपेटेच्या बाजारातून नायलॉनची जाळी आणून आमच्या बाल्कनीला लावली. बाल्कनीतली कबुतरं मागच्या नळांच्या भुयारात गेली. तिथे विष्ठा वाळून तिचा भुगा व्हायचा, आणि त्याच भुयारात आमच्या न्हाणीघराचा आणि स्वयंपाकघराचा पंखा उघडायचा. पंखा बंद असला की हवा उलटी आत यायची. करड्या पिठासारखा थर मी ओट्यावरून पुसायचो आणि म्हणायचो, अकराव्या मजल्यावर एवढी धूळ कशी येते?

बायकोला खोकला लागला तेव्हा कोणालाच काही वाटलं नाही. बंगलोरमध्ये सगळेच खोकतात आणि शिंकतात. झाडांना मोहोर येतो, रस्ते खणलेले असतात, थंडी असते, आणि हवेला दोष देऊन माणसं कामाला लागतात. खालच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दमा म्हणून ओढायचं औषध दिलं. तिने ते दीड वर्ष ओढलं. जिना चढताना ती थांबायची. वजन वाढलं असेल असं म्हणून तिने रात्रीचा भात सोडला. वजन उतरलं, थांबणं राहिलंच. कोरोनातलं बोटाला लावायचं यंत्र घरात होतं. बसल्याजागी ते सत्त्याण्णव दाखवायचं, म्हणून मी निर्धास्त. चालून आल्यावर मोजायला हवं, हे मला मागाहून कळलं.

खरं काय ते मुलांनी दाखवलं. दिवाळीनंतर खालच्या सभागृहात मराठी घरांचा कार्यक्रम होता. बायकोच्या वर्गातली बारा मुलं एकामागून एक येऊन धडा वाचणार होती. पहिली मुलगी आली. "एका गावात एक मोठं," म्हणून थांबली, श्वास घेतला, आणि "तळं होतं," म्हणाली. मला वाटलं, घाबरली. दुसरा मुलगा आला. "त्या तळ्याच्या काठी." श्वास. "एक जुनं." श्वास. "झाड होतं." तिसरा आला, तोही तसाच. जिथे स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही, तिथे प्रत्येक मूल थांबत होतं आणि छाती उचलून हवा आत घेत होतं. लोक हसू लागले. माझ्यापुढे बसलेली एक आई दुसरीला म्हणाली, "सगळी अशी का अडखळतायत? घरी इंग्लिश किती फ्लुएंट वाचतो हा!"

मी बायकोकडे पाहिलं. ती बाजूला उभी राहून ओठ हलवत होती, त्यांच्याबरोबर वाचत होती. आणि त्याच जागी थांबत होती.

मुलांना मराठी वाक्य कुठे तुटतं हे दुसरीकडून ऐकायला मिळालंच नव्हतं. तिचा दम जिथे संपायचा, तिथे त्यांच्यासाठी भाषा थांबायची. बारा मुलांनी तिच्या फुप्फुसाचं माप इतकं बरोबर उचललं होतं, आणि रोज तिच्याशेजारी झोपणाऱ्या, मापांवर पोट भरणाऱ्या माणसाला ते दिसलं नव्हतं. ती एवढी सावकाश खालावत गेली की माझे कान तिच्याबरोबर खालावत गेले.

मोठ्या इस्पितळात छातीचे फोटो निघाले. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला: घरात पक्षी पाळलेत का? मी ठामपणे नाही म्हणालो. बायको म्हणाली, "पाळलेले नाहीत. पण आहेत."

मग सगळं सरळ होतं. वाळलेली विष्ठा आणि पिसांचा भुगा वर्षानुवर्षं आत गेला. शरीराने त्याला शत्रू मानलं आणि लढाई सुरू केली; ती लढाई फुप्फुसातच चालली, आणि जिथे चालली तिथे व्रण उरले. व्रणातून हवा जात नाही. तेच आणि तेवढंच श्वासात घेऊन मला काही झालं नाही. एकाला होतं, दुसऱ्याला होत नाही, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्यांनी सूज उतरेल, ते म्हणाले, पण व्रण झाला तो झाला. पक्ष्यांपासून दूर राहिलात तर जे उरलंय ते टिकेल.

परिस्थितीशी जुळवून घ्यावं, हे आपल्याकडे फार कौतुकाने सांगतात. थोड्या हवेवर भागवायला शिकून बायकोच्या शरीरानेही स्वतःच्या परीने तेच केलं होतं.

मी अहवाल घेऊन अण्णांकडे गेलो. त्यांना तो वाचता येत नव्हता म्हणून समजावून सांगितला.

"अण्णा, दाणे बंद करायला हवेत."

"किती दिवस?"

"कायमचे."

"अक्काला माझ्यामुळं झालं म्हणतोस?"

"कबुतरांमुळे झालं."

"मग माझ्यामुळंच की." त्यांनी चष्मा काढला. "मी बंद करतो. पण सकाळी ती येणारच की रे. कठड्यावर बसून माझ्याकडं बघणार. त्यांना काय सांगू?"

"काही सांगायचं नाही. पक्षी आहेत ते."

"तुला पक्षी आहेत," अण्णा म्हणाले.

त्यांनी खरंच बंद केलं. एवढं त्यांच्याबद्दल मी लिहीन. पण बाकीच्या आठ घरांनी केलं नाही, म्हणून मी असोसिएशनची बैठक मागितली. मराठी घरं झाडून सगळी हजर होती; एरवी बैठकीला सात-आठ माणसंही जमत नाहीत. अहवालाच्या प्रती वाटून मी सरळ बोललो. हे तिच्यापुरतं नाही, त्याच गच्चीवर तुमची मुलं रविवारी दोन तास बसतात, त्यांची फुप्फुसं अजून वाढीची आहेत, असंही सांगितलं.

सातव्या मजल्यावरचा पुण्याचा तरुण उभा राहिला. "सर, काकूंबद्दल आम्हाला रिस्पेक्ट आहे. पण अ‍ॅक्च्युअली ही अ‍ॅलर्जी आहे ना? कोणाला शेंगदाण्याची असते. म्हणून सगळ्यांनी चिवडा सोडायचा का?"

लोक हसले.

"तुझ्या चिवड्याचा भुगा माझ्या स्वयंपाकघरात येत नाही," मी म्हणालो.

"काकूंना मास्क लावून शिकवता येईल की," एक बाई म्हणाल्या. "आम्ही सगळे राहिलोच ना दोन वर्षं मास्क लावून."

"आमच्याकडे देवाघरी गेलेल्यांसाठी आहे हो ते," दुसरं कोणी म्हणालं. "असं एकदम तोडता येत नाही."

बायको माझ्याशेजारी बसली होती. ती उठली. ज्या बारा मुलांना तिने अक्षरं गिरवायला शिकवली होती, त्यांचे आईबाप समोर होते. "मला एवढंच," ती म्हणाली आणि थांबली. कोणीतरी तेवढ्यात पुढचा मुद्दा मांडायला सुरुवात केली. ती उभी होती, वाक्य तिच्या तोंडात होतं. मी तो आवाज थांबवायला हात वर केला, तोवर ती खाली बसली होती.

ठरलं ते असं: दाणे आमच्या इमारतीवर टाकायचे नाहीत, शेजारच्या बी विंगच्या गच्चीवर टाकायचे. दोन गच्च्यांमध्ये एका टेम्पोच्या लांबीएवढंही अंतर नाही. कबुतरं तिकडे खायची आणि इकडे आमच्या भुयारात येऊन झोपायची. सभावृत्तात 'सर्वांच्या भावनांचा आदर राखून तोडगा' असं लिहिलं गेलं. पुढच्या रविवारी वर्गाला तीन मुलं आली, त्याच्या पुढच्या रविवारी एकही नाही. गच्चीवरून वर्ग खाली आणायची तिने तयारी दाखवली होती, पण आयांनी आपसात पुण्याची एक बाई शोधली होती, फोनवर शिकवणारी. बायकोला कोणी काही बोललं नाही. एकीने लिफ्टमध्ये नुसतं, "काकू, तुम्ही आराम करा आता," म्हटलं.

एके दिवशी अण्णा तिला भेटायला आले, दारातच उभे राहिले. "अक्का, मी स्वल्प चुकलो," म्हणाले. ती म्हणाली, "आत या, अण्णा." ते आत आले नाहीत. नको, अंगावर पिसं असतील, असं म्हणून परत गेले.

आम्ही फ्लॅट विकायला काढला आणि होसकोट्याजवळ तळमजल्याचं एक बैठं घर बघून ठेवलं. माझा कारखाना जवळ, हा एक फायदा. दुसरा कोणता मला सांगता आला नाही.

फ्लॅट बघायला मुंबईहून नुकतं आलेलं एक जोडपं आलं. कडेवर दीड वर्षाचा मुलगा. त्याने जाळीपलीकडे कबूतर पाहिलं आणि हात नाचवले. "बघ, माऊला पक्षी आवडले!" आई म्हणाली. मी माल दोषासकट विकत नाही, आणि विकला तर दोष आधी सांगतो. मी त्यांना सगळं सांगितलं. मागची खिडकी उघडून भुयार दाखवलं, बायकोच्या फुप्फुसांचे फोटो दाखवले, पांढरे ठिपके कशाचे ते सांगितलं. मुलगा लहान आहे, हे दोनदा म्हणालो.

तरुणाने मान हलवली. "थँक्यू, काका, इतकं ऑनेस्टली कोणी सांगत नाही. आम्ही चांगल्या क्वालिटीची नेट लावून घेऊ." बायको त्याच्या मागेच उभी होती. तो तिला म्हणाला, "काकू, व्ह्यू मात्र अप्रतिम आहे."

त्यांनीच घेतला. माझ्या सांगण्याचा उपयोग त्यांनी भाव पाडायला केला. सही करताना तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा तो जरा वैतागला.

किल्ल्या दिल्या त्या दिवशी त्या जोडप्यातली मुलगी लिफ्टशी थांबून बायकोला म्हणाली, "खाली कळलं, तुम्ही मराठीचा क्लास घ्यायचात. याला बोलता यायला लागलं की ऑनलाइन घ्याल ना, प्लीज? आमचं मराठी म्हणजे सगळी खिचडीच आहे."

"माझ्यामागून म्हणायला लावू नका त्याला," बायको म्हणाली. "तुम्हीच वाचून दाखवा. तुमचा दम चांगला आहे. आणि मागच्या खिडक्या,"

ती श्वासासाठी थांबली. मुलीला वाटलं, बोलणं संपलं. "हो काकू, खिडक्या मस्त आहेत, खूप हवा येते," म्हणून ती हसली, बाळाचा हात धरून टाटा केलं आणि लिफ्टचं दार मिटलं.

मी जिन्याने मागे धावलो नाही. बायकोने बंद दाराकडे बघत वाक्य पुरं केलं.